मिरजेचं पाणी, लातूरची तहान आणि मधला ऊस

हा एपिसोड ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं की आकडे फार पटापट गेले, जरा लिहून दे. म्हणून हे लेखी रूप. बोलतानाचा फापटपसारा थोडा कापलाय आणि दोन-तीन हिशोब नीट मांडलेत, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका रेल्वेगाडीपासून करू.

एप्रिल २०१६. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून कलम १४४, म्हणजे जमावबंदी. अशात १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली. १० वॅगन, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगनची गाडी सुरू झाली आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जायला लागलं. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. ‘जलदूत’ म्हणायचे त्या गाडीला.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. माझं आजोळ मिरजेच्या जवळच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. त्या उन्हाळ्यात सुट्टीला गेलो तेव्हा टीव्हीवर ही गाडी दिसायची आणि घरात सगळ्यांना त्याचा थोडा अभिमान होता, आपलं कृष्णामाईचं पाणी चाललंय म्हणून. संध्याकाळी मामांबरोबर रानात गेलो. खालच्या अंगाच्या तुकड्यात उसाचे कोंब ठिकठिकाणी जळाल्यासारखे झालेले आणि मातीवर पांढरा थर. मला वाटलं चुना टाकलाय. मामा म्हणाले, "चुना कुठला रं, मीठ फुटलंय. पाणी लई झालं की असंच हुतंय."

म्हणजे एका टोकाला पाणी नाही म्हणून रेल्वे पळतेय आणि ती जिथून निघते त्या टोकाला पाणी जास्त झालं म्हणून जमीन मरतेय. दोन्हीकडे पीक एकच, ऊस. हे कसं होतं, तेवढंच या एपिसोडमध्ये समजून घेऊ.

आपल्याकडे कुठली औद्योगिक शेती?

औद्योगिक शेती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. हजारो एकरांचं एकच शेत, त्यावर फिरणारं अवाढव्य यंत्र. आपल्याकडे तर दोन-दोन एकरांचे तुकडे. मग इथे औद्योगिक काय आहे?

मला असं वाटतं, की पश्चिम महाराष्ट्राचा उसाचा पट्टा हे एकच भलंमोठं शेत आहे, फक्त त्याचे सातबारे हजारो आहेत. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच वाटेनं पुढे राज्यभर कारखाने उभे राहिले. आज दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. कारखाना म्हणजे रोज ठरावीक टन कच्चा माल लागणारं यंत्र. ते महिनोन्‌महिने थांबता कामा नये. त्यामुळे कुठली जात लावायची, लागणीची नोंद कधी द्यायची, तोड कधी येणार, ट्रॉली कधी लागणार, हे सगळं कारखान्याच्या वेळापत्रकावर चालतं. मामा जमिनीचे मालक आहेत, पण शेताचा ‘शेड्यूलर’ दुसरीकडेच बसलाय.

एकच पीक, वर्षानुवर्षं, मैलोन्‌मैल, कारखान्याच्या घड्याळाप्रमाणे. याला औद्योगिक नाही तर काय म्हणणार?

पहिला हिशोब: पाणी

सुरू उसाला, म्हणजे १२ महिन्यांच्या लागणीला, पाटानं पाणी दिलं तर ढोबळमानानं २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, त्याला अजून जास्त. आपण पावसाचा वाटा वजा करू आणि शेतकऱ्याला २००० मिलिमीटर स्वतः द्यावं लागतं असं धरू.

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. २००० नं गुणा. ८० लाख लिटर. एका एकराला, एका पिकाला.

आता ती ५० वॅगनची गाडी आठवा. २५ लाख लिटर. एक एकर उसाला तिच्या तीन फेऱ्यासुद्धा पुऱ्या पडत नाहीत.

हे गणित मी तीन वेळा केलं, कारण मला वाटलं एखादं शून्य चुकलंय. चुकलं नव्हतं. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंही महाराष्ट्राबद्दल नोंदवलंय की पिकाखालच्या एकूण जमिनीपैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो.

दुसरा हिशोब: मीठ

हा भाग कमी लोकांना माहीत असतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

नदीचं असो की विहिरीचं, कुठलंही पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात विरघळलेले क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानलेत. म्हणजे आपण अगदी पिण्यालायक पाणी रानाला देतोय असं समजू. ८० लाख लिटर गुणिले अर्धा ग्रॅम. उत्तर ४ टन.

एक एकरात, एका पिकाबरोबर, ४ टन क्षार. डोळ्याला न दिसणारे. दुसऱ्या वर्षी खोडव्याला पुन्हा तितकेच. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं. क्षार मात्र उडत नाहीत. ते एकतर पाण्याबरोबर खाली वाहून जायला हवेत, नाहीतर मातीतच राहणार.

आणि इथे आपली काळी माती आडवी येते. काळ्या मातीत चिकण मातीचं प्रमाण जास्त. ती पाणी प्यायली की फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात ना, ते हेच फुगणं उलट्या दिशेनं. कापूस-ज्वारीसाठी ही माती सोनं होती, कारण कमी पावसाचं पाणी ती धरून ठेवायची. त्याच मातीवर बारमाही पाट सोडला की तिचा गुण दोष होतो.

पाणी खाली जात नाही, म्हणून भूजलाची पातळी वर येत राहते. ती जमिनीपासून चार-पाच फुटांवर आली की समईच्या वातीसारखा प्रकार सुरू होतो. वात जशी तेल वर ओढते, तशी मातीच्या बारीक नळ्यांतून खालची ओल वर चढते, पृष्ठभागावर येऊन वाळते आणि सोबत आणलेले क्षार तिथे सोडून जाते. मामांच्या रानातला पांढरा थर तो.

मग मुळांना शेजारी पाणी असूनही ते ओढता येत नाही, कारण बाहेर खारटपणा जास्त. ओल्या रानात पीक तहानेनं वाळतं. क्षारांत सोडियम जास्त असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. मातीचे कण एकमेकांना सोडतात आणि जमीन चोपण होते, ओली असताना साबणासारखी आणि वाळली की दगड. माती परीक्षणाच्या कागदावर हे दोन आकड्यांत दिसतं. ईसी ४ च्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त, सामू साडेआठच्या वर गेला तर चोपणची शंका. तुमच्या घरी शेती असेल तर तो कागद कुठल्यातरी फाईलमध्ये असेल. काढून बघा.

आणि हे काही आज कळलेलं नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत बारामतीकडच्या जमिनी पाणथळ, क्षारपड होऊ लागल्या. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारनं सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग काढला. तोच वाढत वाढत खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाला. म्हणजे या ‘बग’चा रिपोर्ट शंभर वर्षांहून जुना आहे, आणि अजून ओपन आहे.

खत, पाचट आणि गेलेले बैल

हे पटकन सांगतो. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. एकराला १६० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे सगळं नत्र युरियातून द्यायचं तर ४५ किलोची जवळपास ८ पोती. त्यावर पाटानं पाणी सोडलं की नत्राचा बराच भाग नायट्रेट होऊन खाली विहिरीत जातो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीतून नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट जड.

पूर्वी प्रत्येक दावणीला बैलजोडी होती, शेणखत रानात जायचं. ट्रॅक्टर आला, बैल गेले. गाई आहेत, पण त्या गोठ्यात बांधलेल्या, दुधासाठी, उसाच्या वाढ्यावर आणि विकतच्या पेंडीवर. जे शेणखत होतं ते एवढ्या रानाला पुरत नाही. तोड झाल्यावर हेक्टरी ८-१० टन पाचट उरतं. ते आच्छादन म्हणून ठेवलं तर ओल टिकते आणि कर्ब मातीत जातो. पण खोडवा लवकर साधायचा असतो, म्हणून काडी लावली जाते. संध्याकाळी शिरोळच्या रस्त्यावर गाडी चालवा, त्या राखेचे तुकडे शर्टावर येतात.

आता गाडीचं दुसरं टोक

लातूर, बीड, धाराशिव इथे कृष्णा नाही. पाऊस कमी आणि बेभरवशाचा. खाली बेसाल्टचा कठीण खडक. या खडकात वाळूसारखी भरपूर पाणी धरणारी जागा नसते. वरच्या कुजलेल्या मुरमात थोडं पाणी आणि खाली भेगांमध्ये अडकलेलं थोडं. विहीर वरचं पाणी काढते, ते दरवर्षीच्या पावसानं भरतं. ५००-८०० फुटांची बोअर खालच्या भेगांतलं पाणी काढते. ते साठायला खूप काळ गेलेला असतो आणि भरायलाही तसाच जाणार. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल बोअरवर बंदी आहे. बोअरच्या गाड्यांना मात्र हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तरीही तिथे कारखाने उभे राहिले आणि ऊस लागला. १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं सांगितलं होतं की पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत ऊस नको. २०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनीही उसाला मनाई करावी असा अहवाल दिला. अहवाल आहेत, ऊसही आहे.

एक गोष्ट मला डोक्यातून जात नाही. पाणी मिरजेहून पूर्वेला गेलं. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिमेला येतात, सांगली-कोल्हापूरचा ऊस तोडायला. गावी पाण्याअभावी शेती चालत नाही म्हणून ती जिथे पाणी जास्त आहे तिथे येतात.

मग शेतकरी ऐकत का नाही?

हा प्रश्न मी मामांना विचारला होता, जरा शहाणपणाच्या आवाजात. त्यांनी मला सोयाबीनचा हिशोब मांडायला बसवलं. सोयाबीन घेतलं आणि काढणीला पाऊस आला तर संपलं. नाही आला तर सगळ्यांचं एकदम बाजारात येतं आणि भाव पडतो. तूर, भाजीपाला, तीच गत. हमीभाव कागदावर आहे, पण खरेदी केंद्रावर तुमचा नंबर लागेल याची हमी नाही. उसाचं तसं नाही. एफआरपी ठरलेली, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पैसे थकतात, आंदोलनं होतात, हे खरं. तरी बुडत नाहीत. "वाळला, पडला, पुरात बुडला, तरी कारखाना नेतोय. दुसरं कुठलं पीक सांग असलं." मला सांगता आलं नाही.

आणि दुसरी बाजू पाण्याची. कालव्याच्या पाण्याची पट्टी मुख्यतः पीक आणि क्षेत्र बघून आकारली जात आली, लिटर मोजून नाही. शेतीपंपाची वीज बहुतेक ठिकाणी अश्वशक्तीवर, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत. त्यातही ती बऱ्याचदा रात्री येते. थंडीत, साप-विंचवात रात्री दोनला उठून बारं मोडायला कोण जाणार? लोक मोटारीला ऑटो लावतात. लाईट आली की मोटार चालू, गेली की बंद. रान भरलं की नाही हे सकाळी कळतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर जिथे सर्व्हरचं बिल वापरावर येत नाही तिथे कुणीही कोड ऑप्टिमाइझ करत नाही. मीही करत नाही. मग मामांनी का करावं?

आपणही यात आहोत बरं का. साखर तर खातोच, पण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते सगळं उसाचं नसतं, मक्याचंही असतं. उसाचं असेल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. शिवाय मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना ८ ते १५ लिटर काळं, दाट सांडपाणी तयार होतं. नियमाप्रमाणे त्याचा थेंबही बाहेर जायला नको. उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना मी पाहिलेत. ते कशानं मेले हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण "नदीवर फिरायला जाऊ" असं आमच्याकडे आता कुणी म्हणत नाही.

दुरुस्ती होते का?

होते. ठिबकनं पाणी निम्म्याच्या आसपास वाचू शकतं. २०१७ मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक सक्तीची करायचं ठरवलंही. पण एक गोम आहे: वाचलेलं पाणी नदीत राहत नाही, बऱ्याचदा त्यावर आणखी एक एकर ऊस लागतो. शेतकऱ्याचा फायदा, भूजलाचा शून्य.

क्षारपड जमिनीसाठी उपाय म्हणजे जमिनीखालून निचरा. साधारण चार-पाच फुटांवर छिद्रं असलेले पाइप ठरावीक अंतरानं पुरायचे, ते एका मोठ्या पाइपला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. पावसाचं पाणी क्षार धुऊन त्या पाइपांत नेतं. चोपण असेल तर जिप्सम, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. जोडीला ताग-धैंचा गाडायचा. शिरोळच्या दत्त कारखान्यानं हे काम सभासदांना घेऊन मोठ्या क्षेत्रावर केलंय आणि सोडून दिलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलंय. (ते खारट पाणी ओढ्यातून नदीत आणि खालच्या गावांकडे जातं, हा प्रश्न उरतोच. त्यावर कुणी फारसं बोलत नाही.)

पण हे एकट्याला जमत नाही. मामांचं रान ओढ्यापासून लांब. मधे दहा जणांची रानं. मुख्य पाइप सगळ्यांच्या रानाखालून जायला हवा आणि सगळ्यांनी खर्च वाटून घ्यायला हवा. एकानं नाही म्हटलं की लाइन तिथेच तुटते. तोवर मामांनी खालच्या तुकड्यात फुले २६५ लावलाय, ही उसाची जात क्षार थोडे सोसते. सोसते म्हणजे रान बरं होत नाही, फक्त उत्पन्न चालू राहतं.

यंदा आठ जण तयार झालेत. एक आजोबा म्हणतात, माझ्या हयातीत रान उकरायचं नाही. त्यांना मामा पटवतील, रोज चहाला भेटतात. अडलंय ते दहाव्याशी. त्याचे वडील गेल्यावर रान त्याच्या नावावर झालं, वाट्यानं दिलंय, तो स्वतः पुण्यात आयटीत असतो आणि गावचे फोन उचलत नाही. मामांनी त्याचा नंबर मला पाठवला, "तुमच्यातलाच हाय, तू बोल." मागच्या रविवारी त्याला व्हॉट्सॲपवर नकाशा पाठवला, पाइपची लाइन लाल रंगात आखून. दोन टिका आल्यात. निळ्या अजून झाल्या नाहीत. आडसालीची लागण जुलैत सुरू होते, त्याआधी चर खणायला हवा.